टिल्लूची शाळा: फॉर्मपासून परीक्षेपर्यंत

आमच्या कुत्र्याचं, टिल्लूचं, आज्ञापालनाचं प्रशिक्षण एकदाचं पार पडलं. नावनोंदणीचा फॉर्म मार्चमध्ये भरला होता, परीक्षेचा कागद ऑगस्टच्या शेवटी हातात आला. सुरुवातीला मी माहिती शोधत होते तेव्हा एकतर ‘आठवड्यात कुत्रा शहाणा’ छापाच्या जाहिराती सापडायच्या, नाहीतर ओळखीतल्या प्रत्येकाचं एकेक ठाम मत. दोन्हींनी डोकं जास्तच फिरलं. म्हणून हे सगळं घडलं तसं लिहून ठेवतेय: कुठे अडकायला होतं, कशाला वेळ लागतो आणि लोक छातीठोकपणे जे सांगतात त्यातलं काय सोडून द्यायचं.

टिल्लू आमच्याकडे आला तेव्हा अंदाजे आठ महिन्यांचा होता. संमिश्र जातीचा, अठरा किलो वजनाचा. भावंडांत सगळ्यात लहान म्हणून आधी सांभाळणाऱ्यांनी हे नाव ठेवलेलं, ते तसंच राहिलं. स्वभावाने गोड. पण आल्यागेल्याच्या छातीवर दोन्ही पंजे रोवून स्वागत करायचा, फिरायला नेलं की पट्टा ओढून माझा खांदा दुखवायचा, आणि फाटकाबाहेर कुणी दिसलं की घसा बसेपर्यंत भुंकायचा. माझी आई आमच्याकडेच असते, तिचे गुडघे नाजूक. एकदा त्याने लाडात येऊन तिच्या अंगावर उडी घेतली आणि ती पडता पडता वाचली. त्या संध्याकाळी ठरलं, की आता हे कुणाकडून तरी नीट शिकायचं.

ठरल्याबरोबर सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला, ‘आता उशीर झाला. पिल्लू असतानाच शिकवायला हवं होतं.’ हा इतक्या जणांकडून आला, की मी जवळजवळ नाद सोडला होता. पुढे कळलं, की यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ खरंच नाजूक असतो. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी 1965 मध्ये आपल्या अनेक वर्षांच्या कामातून ते मांडलं होतं. त्या काळात जी माणसं, आवाज, जमिनी, प्राणी पिल्लाला भेटतात, ती त्याला पुढे नेहमीची वाटतात. जे भेटत नाही, त्याची भीती बसू शकते. पण हे झालं ओळखीबद्दल. ‘बस’ म्हटल्यावर बसायला शिकणं ही क्षमता चौदाव्या आठवड्यात संपत नाही, चौदाव्या वर्षातही संपत नाही. आमच्या वर्गात सगळ्यात झटपट शिकणारी कुत्री नऊ वर्षांची होती, तोंडावरचे केस पांढरे झालेली.

याच्या बरोबर उलट सल्लाही मिळाला, ‘सहा महिन्यांच्या आत काही शिकवू नका.’ तो गळा आवळणाऱ्या साखळीच्या काळातला आहे. तेव्हाची पद्धतच अशी होती, की कोवळ्या मानेला ती झेपली नसती. हल्ली पशुवर्तनाचे अमेरिकन पशुवैद्य सांगतात, की पिल्लांचा वर्ग सातव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू करता येतो; फक्त लसींचा पहिला डोस किमान सात दिवस आधी झालेला हवा आणि जंतांचं औषधही एकदा दिलेलं हवं. घरात लहान पिल्लू आलं असेल, तर ‘सगळ्या लसी होईपर्यंत घराबाहेर नाहीच’ असं परस्पर ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

दुसरा सल्ला आमच्या भावोजींचा. ‘वहिनी, घरात मालक कोण ते त्याला एकदा दाखवून द्या. तुम्ही आधी जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, त्याला सोफ्यावर बसू देऊ नका. त्याला वाटतंय की अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, तोच आहे.’ भावोजींचा जीव आहे टिल्लूवर, म्हणून मी ऐकून घेतलं. त्यांच्याच ओळखीने एक प्रशिक्षक घरी आले. पंधरा दिवसांची हमी, पैसे आगाऊ. येताना पिशवीतून चोक चेन, म्हणजे तीच गळा आवळणारी साखळी, आणली होती. टिल्लूने नेहमीप्रमाणे त्यांच्या अंगावर उडी मारली, त्यांनी साखळीला हिसका दिला. टिल्लू जमिनीला चिकटला. शेपूट पोटाखाली, कान मागे, तोंड बाजूला वळवलेलं, आणि मधूनमधून स्वतःचंच नाक चाटत होता. ‘बघा, लगेच ऐकायला लागला,’ ते म्हणाले. मला काही तो ऐकतोय असं वाटलं नाही. हलायची सोय राहिली नव्हती म्हणून गप्प होता. त्यांना नको म्हटलं. पहिल्या भेटीचे पैसे परत मिळाले नाहीत, तशी अट आधीच होती म्हणे.

अल्फाची गोष्ट कुठून आली ते मला पुढे वर्गात समजलं आणि मी भावोजींना ती रंगवून सांगितली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिवासातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात कोंडले, तर जशा मारामाऱ्या होतील तशा झाल्या. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ‘अल्फा लांडगा’ सगळीकडे पोचला. पण मेक यांनी पुढे अनेक उन्हाळे कॅनडाच्या एल्झमिअर बेटावर मोकळे लांडगे पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं. त्यात अल्फा म्हणणं म्हणजे घरातल्या बापाला अल्फा म्हणण्यासारखं. वर कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, आणि माणूस तर दोन्ही नव्हे. टिल्लू दारातून आधी धावतो, कारण बाहेर मजा असते. सोफ्यावर बसतो, कारण सोफा मऊ असतो. सोफा नको असेल तर जरूर नको म्हणा, तो तुमच्या घराचा प्रश्न. त्यात सत्तापालट शोधू नका एवढंच. भावोजी म्हणाले, ‘वाचून बघतो.’

यानंतर दुसरा प्रशिक्षक शोधताना मी शहाणी झाले होते. बहुतेक देशांत कुणीही उठून स्वतःला श्वानप्रशिक्षक म्हणवू शकतो, त्याला परवाना लागत नाही. त्यामुळे चौकशी आपणच करायची. फोनवर मी दोनच प्रश्न विचारायचे: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही त्याला काय देता? चुकला तर नेमकं काय करता? ज्यांनी सरळ उत्तर दिलं त्यांची यादी छोटी होती. ‘ते कुत्र्यावर अवलंबून असतं’ म्हणून विषय बदलणारे बरेच. तिसरी गोष्ट म्हणजे कुत्र्याला न नेता एक तास नुसतं बघायला येऊ का, असं विचारायचं. जिथे नाही म्हणाले तिथे मी गेले नाही. एका ठिकाणी शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘या की ताई, खुर्ची स्वतःची आणा.’ तिथेच नाव घातलं.

नाव घालणं सोपं नव्हतं. एका तुकडीत सहाच कुत्री, चालू तुकडी भरलेली, आणि प्रतीक्षायादीत आमच्या आधी बरेच जण. पुढची तुकडी मेमध्ये. तोवर कागदपत्रं. फॉर्म चार पानी होता आणि त्यातला अर्धा कुत्र्याबद्दल नव्हताच. घरात कोण कोण आहे, फिरवायला कोण नेतं, खायला कोण देतं, लहान मुलं आहेत का, कुत्रा दिवसाकाठी किती तास एकटा असतो, कशाला घाबरतो, आणि ठळक अक्षरांत: ‘कधी कुणाला चावला आहे का? चावा घेताना कातडं फाटलं होतं का?’ हा रकाना खरा भरा. चावला म्हणून लगेच नकार मिळतोच असं नाही. बहुधा आधी स्वतंत्र भेट ठरवतात. लपवलंत तर दुसऱ्याचा कुत्रा किंवा पोर अडचणीत येतं. शिवाय इजा झाल्यास जबाबदारी मालकाची असं हमीपत्र, फोटोंना संमती, आणि परताव्याचे नियम: तुकडी सुरू व्हायच्या आधी रद्द केलं तर काही भाग परत, नंतर काही नाही. सह्या करायच्या आधी हे शेवटचं पान वाचा.

सोबत लसीकरणाच्या पुस्तिकेची प्रत लागते: रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो (हे दोन्ही कुत्र्यांचे विषाणूजन्य आजार), आणि जंतांच्या औषधाची शेवटची तारीख. आमच्या पुस्तिकेत रेबीजच्या लसीचं स्टिकर होतं, तारीख होती, पण डॉक्टरांची सही-शिक्का नव्हता. फॉर्म परत आला. डॉक्टर रजेवर. त्यात आठवडा गेला. तुमच्या पुस्तिकेचं ते पान आत्ताच उघडून बघून घ्या.

पशुवैद्यकीय तपासणीचा एक कागदही मागितला होता. मला तो उगाच वाढवलेला सोपस्कार वाटला होता. पण वर्गातला एक लॅब्राडोर काही केल्या बसेना. मालक बिचारे म्हणत होते, हट्टी आहे, मुद्दाम करतो. मॅडमनी त्याला खाली बसवायचं थांबवलं आणि पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा बिघडलेला निघाला. बसताना दुखत होतं त्याला. पुढे त्याच्यासाठी ‘बस’च्या जागी ‘उभा राहा’ ठरलं, आणि तो उत्तम शिकला. चांगलं वागणारा कुत्रा एकाएकी ऐकेनासा झाला, चिडका झाला, घरात शू करायला लागला, तर आधी दवाखाना.

मेमध्ये पहिला वर्ग, आणि सूचना अशी की कुत्र्याला आणायचं नाही. ‘फी कुत्र्याची भरली आणि शाळेत आपण?’ असं एक जण मोठ्याने म्हणालेच. मॅडमनी टेनिसचा चेंडू काढला. तो जमिनीवर आपटत राहायचा आणि आम्ही चेंडू टेकण्याच्या नेमक्या क्षणी ‘यस’ म्हणायचं. ऐकायला पोरखेळ. प्रत्यक्षात सगळ्यांचे ‘यस’ चेंडू वर निघाल्यावर येत होते. मग त्यांनी युक्ती केली, मधेच चेंडू हातातच धरून ठेवला. तरी आम्ही निम्मे जण ‘यस’ म्हणालो. ‘आता हे कुत्र्याच्या जागी राहून ऐका,’ त्या म्हणाल्या. कुत्रा बसला आणि तुम्ही खिसा चाचपत खाऊ काढेपर्यंत उठून उभा राहिला, तर खाऊ कशाचा मिळाला? उठण्याचा. या ‘यस’ला खुणेचा शब्द म्हणतात; काही जण त्यासाठी क्लिकर नावाची टिक्‌ आवाजाची डबी वापरतात. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी 1951 मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखातच अशा आवाजाचा उपयोग सांगितला होता. आधी हा आवाज आणि खाऊ यांची जोडी बसवायची, म्हणजे मग खाऊ दोन सेकंद उशिरा दिला तरी चालतो, कारण ‘हेच हवं होतं’ हे वेळेवर कळलेलं असतं. तो आठवडाभर मी घरी चेंडू आपटत बसले आणि आई मला बघून मान हलवत होती.

खाऊबद्दल सगळ्यांत जास्त वाद. ‘ही लाच झाली, उद्या खाऊ नसेल तर ऐकणारच नाही.’ ही भीती अगदीच खोटी नाही, आणि ती कशामुळे खरी होते तेही वर्गातच दिसलं. सुरुवातीला खाऊ कुत्र्याच्या नाकाशी धरून हात वर नेतात, नाक वर जातं, बूड खाली टेकतं. हे ओढून घेणं मोजक्याच वेळा करायचं. मग तोच हात रिकामा, तीच हालचाल, आणि बसल्यावर खाऊ दुसऱ्या हाताने कमरेच्या पिशवीतून. मग हालचाल लहान. मग नुसता शब्द. पक्कं झालं की दर वेळी खाऊ नाही. कधी मिळतो, कधी नुसती शाबासकी, कधी दोरीची खेचाखेच, कधी ‘चल, जा वास घे’ अशी मोकळीक. बहुतेक लोक नाकाशी खाऊ धरण्याच्या पायरीवर महिनोन्‌महिने थांबतात, आणि मग म्हणतात कुत्रा खाऊ बघूनच ऐकतो. खाऊ दाखवून काम करून घेणं आणि काम झाल्यावर खाऊ काढणं, कुत्र्याच्या दृष्टीने यात फार फरक आहे.

तुकडे वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या वर खाऊ जाऊ द्यायचा नाही, आणि तेवढं जेवणातून कमी करायचं. चॉकलेट, बेदाणे, कांदा-लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं काहीही चुकूनही नको. कुत्र्यांना ती विषं आहेत. आमच्याकडे घरी सराव करताना टिल्लूचं रोजचंच खाणं वापरलं. उकडलेलं चिकन फक्त बाहेर, जिथे त्याला सगळ्यात कठीण जातं तिथे.

दुसऱ्या वर्गापासून कुत्री आली आणि मग खरी गंमत. ‘माझ्या कुत्र्याला बस कळतं’ असं सहाही जण म्हणालो. मॅडमनी सांगितलं, कुत्र्याकडे पाठ करा, हात मागे बांधा आणि शब्द उच्चारा. सहापैकी एकही बसला नाही. टिल्लू माझ्यापुढे येऊन उत्सुकतेने तोंडाकडे बघत उभा. त्याला शब्द कळतच नव्हता. माझ्या उजव्या हाताचं बोट आणि किंचित पुढे झुकणारे खांदे कळत होते. कुत्री आपल्या तोंडापेक्षा अंगाकडे जास्त लक्ष देतात. म्हणून शब्द आधी, अर्धा क्षण थांबून मग हाताची खूण, हा क्रम. दोन्ही एकदम केलं तर शब्द वाया जातो. आणि आज्ञा इंग्रजीतच हवी, ही समजूतही त्याच दिवशी गेली. आमच्या वर्गात चार भाषांमधून कुत्री बसत होती.

शब्द एकदाच म्हणायचा, हेही त्याच दिवशी. ‘बस. बस ना. बस म्हटलं ना. टिल्लू, बस!’ असं रोज केलं की कुत्रा शिकतो ते हे, की चौथ्या शब्दावर बसायचं असतं.

यानंतर आली माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारी समजूत: ‘घरी सगळं येतं, बाहेर मुद्दाम करत नाही.’ जूनमध्ये मीही हेच म्हणत होते. पाढा ओळीने म्हणणारं पोर अधलंमधलं विचारलं की अडतं, तसं कुत्र्याचं असतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी शिकलेलं ‘बस’ त्याच्या लेखी त्या फरशीचं, त्या वासाचं, तुमच्या तिथल्या उभं राहण्याचं असतं. तेच अंगणात नव्याने शिकवावं लागतं, मग रस्त्यावर, मग दुसरा कुत्रा दिसत असताना. दर जागी कमी वेळ लागतो, पण शून्य वेळ कुठेच नाही. यासाठी मॅडमनी तीन गोष्टी वहीत लिहायला लावल्या: किती वेळ, किती अंतर, किती गडबड. एका वेळी एकच वाढवायची आणि ती वाढवताना बाकीच्या दोन कमी करायच्या. ‘थांब’ शिकवताना मी दहा पावलं लांब जायला लागले की टिल्लू उठायचा. अंतर दोन पावलांवर आणलं, वेळ कमी केला, आणि तेव्हाच फाटक उघडं ठेवलं. त्याने बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं. कान पुढे, पुढचा उजवा पंजा अर्धा इंच उचललेला. मग तो पंजा परत खाली टेकवला. मी ‘यस’ म्हटलं ते जवळजवळ ओरडूनच.

पट्टा न ओढता चालणं मात्र फार रटाळ. युक्ती सगळ्यांना माहीत असते: पट्टा ताणला की तुम्ही थांबायचं, सैल झाला की पुढे. ती सगळे दोन दिवस करतात. अडचण अशी, की ऑफिसची घाई असेल त्या दिवशी आपण ओढत जाऊ देतो, आणि ओढलं की कधीकधी पुढे जायला मिळतं हा धडा कुत्रा घट्ट धरून ठेवतो. आम्ही यावर तोडगा काढला तो असा: घाईच्या फेरीला पट्टा हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या कडीला, सरावाच्या फेरीला छातीवरच्या कडीला. नियमही वेगळे. सरावाची फेरी पाच-सात मिनिटांचीच. पहिल्या आठवड्यात फाटकापासून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

जूनच्या मध्यावर टिल्लू बिघडला. आलेलं सगळं विसरल्यासारखा. ‘ये’ म्हटलं की माझ्याकडे बघून निवांत पलीकडे जायचा. मॅडमनी बोलावलं की धावत जायचा. याचं फार वाईट वाटलं, आणि घरातून ‘फी फुकट’ हे ऐकावं लागलं. मॅडमनी सांगितलं, की हे वयात येण्याचं वय आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंधांना वाट दाखवायला तयार केल्या जाणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं होतं. पाच महिन्यांच्या पिल्लांपेक्षा आठ महिन्यांची कुत्री आपल्या सांभाळणाऱ्याच्या ‘सिट’ला कमी दाद देत होती, अनोळखी माणसाला मात्र जास्त. हे वय सरतं. या काळात कुत्रा सोडून द्यायचा विचार डोक्यात येतो, अनेक जण देतातही. आम्ही काय केलं? लांब दोरी. आठ-दहा मीटरची, हार्नेसला बांधलेली, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. बोलावलं आणि आला नाही, असं घडायची संधीच कमी करायची. आणि ‘ये’ म्हणून बोलावल्यावर अंघोळ, नखं कापणं, घरी जाणं यातलं काही लगेच करायचं नाही. ते करायचं असेल तर आपण त्याच्याकडे चालत जायचं.

त्याच पंधरवड्यात त्याने सोफ्याची उशी फाडली. मी घरी आले तर कापूस दारापर्यंत, आणि टिल्लू कोपऱ्यात मान खाली घालून. ‘बघ, त्याला कळतंय आपण काय केलंय ते,’ आई म्हणाली. हे चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसतं, की कुणीही विश्वास ठेवेल. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर हे तपासलं होतं. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला का नाही, याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला का, याच्याशी निघाला. काही न केलेल्या कुत्र्याला ओरडा बसला की तो चेहरा आणखी गडद. म्हणजे टिल्लू उशीबद्दल नाही, माझ्या आवाजाबद्दल आणि उभं राहण्याबद्दल बोलत होता. तासाभरापूर्वीच्या उशीसाठी आत्ता ओरडून तो एवढंच शिकतो, की मी घरी येणं धोक्याचं आहे. उशा आता कपाटात असतात आणि त्याला चावायला रबराचं खेळणं असतं.

फाटकावरच्या भुंकण्याला सगळ्यांचं एकच औषध, ‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल.’ हे औषध तुमचं लक्ष मिळवायला भुंकणाऱ्या कुत्र्याला लागू पडतं, आणि तिथेही थांबण्याआधी भुंकणं वाढतं. त्या टोकाला कंटाळून तुम्ही ‘काय रे’ म्हणालात, की आणखी मोठ्याने भुंकायला शिकवलंत. टिल्लू तर माझ्यासाठी भुंकतच नव्हता. फाटकापुढून माणूस जातो, टिल्लू भुंकतो, माणूस निघून जातो. टिल्लूच्या हिशेबात त्याने हाकलला. असं दिवसातून कितीतरी वेळा यश मिळत असताना मी दुर्लक्ष करून काय होणार? फाटकाला खालून आडोसा लावला, आणि कुणी येताना दिसलं की त्याने भुंकायच्या आधी खाऊ जमिनीवर विखरायचा. हळूहळू पावलं वाजली की तो माझ्याकडे वळायला लागला. पूर्ण थांबलेलं नाही. मांजरापुढे आमचं कुणाचंच चालत नाही.

मध्ये एक शेजारी म्हणाले, एवढी दगदग कशाला, निवासी प्रशिक्षणाला पाठवा, महिन्यात तयार होऊन येतो. त्यांचा कुत्रा तसा आला होता, आणि प्रशिक्षकासमोर खरंच पुतळ्यासारखा बसायचा. घरी आठवड्यात पहिल्यासारखा, कारण घर तेच आणि माणसं तीच. पाठवायचंच असेल तर मध्ये जाऊन बघता येतं का, कुठली साधनं वापरतात आणि नंतर घरच्यांना किती तास शिकवतात, हे लेखी घ्या. बंद दाराआड काय चालतं ते कुत्रा सांगत नाही. पोर्तुगालमधल्या 92 कुत्र्यांवरचा 2020 चा अभ्यास याच संदर्भात वर्गात वाचून दाखवला होता: शिक्षेवर भर असलेल्या शाळांतली कुत्री वर्गात जास्त ताणलेली होती, लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वर्गानंतर वाढलेलं होतं.

अंतिम परीक्षा अमेरिकन केनेल क्लबच्या ‘कनाइन गुड सिटिझन’ चाचणीच्या धर्तीवर होती. ती चाचणी 1989 पासून चालू आहे. दहा बाबी आहेत आणि दहाच्या दहा जमल्या तरच पास: अनोळखी माणूस जवळ येणं, त्याने हात फिरवणं, ब्रशने विंचरू देणं, सैल पट्ट्याने चालणं, गर्दीतून जाणं, बसणं-आडवं होणं-थांबणं, बोलावल्यावर येणं, दुसऱ्या कुत्र्यासमोर शांत राहणं, अचानक आवाज झाल्यावर सावरणं, आणि मालक तीन मिनिटं दिसेनासा झाल्यावर परक्या माणसाजवळ राहणं. खाऊ न्यायला बंदी, तोंडाने शाबासकी चालते. काट्यांचा पट्टा चालत नाही. यात कुठेही कवायत नाही, हे बघून भावोजी हिरमुसले. त्यांना टिल्लू हात वगैरे मिळवेल असं वाटलं होतं.

जुलैअखेर टिल्लू दहाव्या बाबीत नापास झाला. नऊ बाबी बऱ्या गेल्या, पण मी भिंतीआड जाताच त्याने भुंकायला सुरुवात केली ती थांबलाच नाही. त्या बाबीचा आम्ही सराव केला होता तो घरातल्या माणसांबरोबर, परक्यांबरोबर नव्हे; घरी आलेलं बाहेर आपोआप येत नाही, हे वर सांगितलेलंच. मग ऑगस्टभर वर्गातल्या लोकांना आळीपाळीने त्याचा पट्टा धरायला दिला, आधी मी दिसेन अशी, मग काही सेकंद आड. पुन्हा दिलेल्या परीक्षेत कण्हला थोडा, पण भुंकला नाही. तेवढं चालतं.

खर्चाचं बरेच जण विचारतात. सामूहिक वर्गाची फी घरी येणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा खूपच कमी पडते, पण फॉर्मवर न लिहिलेल्या गोष्टी धरा: पशुवैद्याची तपासणी, राहिलेली लस, हार्नेस, लांब दोरी, खाऊची पिशवी, परीक्षेची वेगळी फी आणि नापास झालात तर ती पुन्हा. चुकलेला वर्ग भरून मिळतो का ते विचारा; आमच्याकडे एकच मिळत होता. घरातल्या किमान दोघांनी येणं फायद्याचं, त्याला जादा फी नव्हती. आई दोन वर्गांना खुर्ची घेऊन आली आणि तेव्हापासून तिच्या अंगावर उडी नाही, कारण चारही पाय जमिनीवर असल्याशिवाय ती आता त्याच्याकडे बघतच नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. तुमचा कुत्रा अनोळखी माणसावर किंवा कुत्र्यावर दात दाखवत असेल, गुरगुरत असेल, किंवा एकटा राहिला की स्वतःला इजा करून घेत असेल, तर सामूहिक वर्गात थेट नाव घालू नका. पाच परकी कुत्री एका खोलीत, हे त्याच्यासाठी शिक्षणच नव्हे. आधी पशुवैद्य, मग त्यांच्या सल्ल्याने वर्तनतज्ज्ञाशी एकट्याची भेट. त्या भेटीसाठीही प्रतीक्षायादी असते, म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी फोन लावा, आणि घरी गुरगुरण्याबद्दल त्याला ओरडू नका. गुरगुरणं बंद केलेला कुत्रा इशारा न देता चावू शकतो.